भट्टी विझली तर कोटा कुणाचा?

दिवाळीला पुतण्या घरी आला, आणि फराळाच्या ताटाला हात लावायच्या आधीच त्यानं विचारलं, "काका, कार्बनच्या कायद्यानं कंपन्या बंद होतात म्हणून राहिले सारे. खरं हाय का?" तो कोरपना तालुक्यातल्या एका सिमेंट कारखान्यात पॅकिंगला आहे. परमनंट नाही, ठेकेदाराकडे. घरात दोन लहान मुलं, आणि दीड एकरात कपाशी.

मी राजुऱ्याला रसायनशास्त्र शिकवतो. त्या दिवशी मी त्याला "नाही रे, इतक्यात काही होत नाही" एवढंच म्हणालो. ते उत्तर अर्धवट होतं, आणि ते त्यालाही कळलं. नंतर महिनाभर मी आपल्याकडचं राजपत्र आणि युरोपातले गेल्या वीस वर्षांतले नियम वाचले. त्याला जे नीट सांगायला हवं होतं ते इथं लिहितो आहे. गडचांदूर, नांदा फाटा, उपरवाही, घुग्घुस, मुकुटबन या पट्ट्यात हाच प्रश्न अनेक घरांत विचारला जात असणार.

आधी भट्टीत काय होतं ते बघू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ती तापवली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुना उरतो. शुद्ध चुनखडी 100 किलो घेतली तर 44 किलो वायू हवेत जातो आणि 56 किलो चुना हाती येतो. भट्टीच्या आत तापमान 1450 अंशांपर्यंत न्यावं लागतं, तेव्हा मातीतली सिलिका, ॲल्युमिना आणि चुना एकत्र येऊन क्लिंकरचे गोळे बनतात, ते दळून सिमेंट होतं. हे तापवायला कोळसा जाळावा लागतो, त्याचा धूर वेगळा. एकूण हिशेब केला तर एक टन क्लिंकरमागं सुमारे 800 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि त्यातला साठ टक्क्यांच्या आसपासचा वाटा कोळशाचा नाही, खुद्द दगडाचा असतो. म्हणजे उद्या कोळशाऐवजी सूर्याच्या उष्णतेनं भट्टी तापवली तरी दगडातला वायू निघणारच. सिमेंटवाल्यांना कार्बनचा कायदा इतरांपेक्षा जास्त बोचतो तो यामुळे.

आता कार्बनच्या कोट्याचा, म्हणजे किती वायू हवेत सोडायचा त्या वाट्याचा, व्यापार. तो समजायला मला माझ्या मावशीचं नागभीडकडचं गाव आठवतं. त्या भागात माजी मालगुजारी तलाव आहेत, लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. धानाला पाणी त्या तलावातून मिळतं. समजा, तलावात यंदा पाणी बेताचं आहे आणि गावानं ठरवलं की प्रत्येकाला त्याच्या शेताप्रमाणं पाळ्या मिळतील. ज्याला कमी पाणी पुरतं, त्यानं उरलेल्या पाळ्या शेजाऱ्याला विकाव्यात. ज्याला जास्त लागतं, त्यानं विकत घ्याव्यात. एकूण पाणी तेवढंच राहतं, आणि जो हुशारीनं वापरतो त्याच्या पदरात चार पैसे पडतात.

युरोपनं 2005 मध्ये हेच कार्बनच्या बाबतीत केलं. हवेत किती टन सोडायचे याची एकूण मर्यादा ठरवली, तेवढे परवाने काढले, आणि सुरुवातीला त्यातले बहुतेक कारखान्यांना फुकट वाटले. एक परवाना म्हणजे एक टन. वर्षाअखेर जितके टन सोडले तितके परवाने सरकारजमा करायचे, उरले तर विकायचे, कमी पडले तर घ्यायचे.

इथपर्यंत सोपं आहे. खरी मेख पुढच्या प्रश्नात आहे, आणि माझ्या मते सगळ्या कायद्यात कामगारांच्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाची ओळ तीच आहे: एखाद्यानं शेत पडीक टाकलं, तर त्याच्या पाळ्यांचं काय करायचं?

गावात याचं भांडण कसं लागेल ते डोळ्यांसमोर आणा. पाळ्या त्याच्याकडेच ठेवल्या तर तो शेत पडीक टाकून, काही न करता, पाणी विकून घरी बसेल. मजुराला रोवणी नाही, कापणी नाही. आणि पाळ्या काढून घेतल्या तर? तो पाण्यासाठी म्हणून का होईना, शेतात कसंतरी धान लावेल. पीक चांगलं येवो न येवो, पाळी तर हातची जाणार नाही. पहिल्या नियमानं शेत पडीक पडतं, दुसऱ्या नियमानं पाणी नको तिथं वाया जातं. युरोपातल्या कारखान्यांच्या बाबतीत हे दोन्ही प्रश्न उभे राहिले.

पहिल्या टप्प्यात, 2005 ते 2007, युरोपातल्या बहुतेक देशांनी ठरवलं की कारखाना बंद झाला की फुकट परवाने थांबतील. स्वीडन आणि नेदरलँड्स यांनी मात्र ते ठेवू दिले. जर्मनीनं तिसरी वाट काढली. जुना कारखाना बंद करून त्याच्या जागी नवा उभारला तर जुन्याचे परवाने चार वर्षं नव्याकडे नेता येतील. ही वाट मला शहाणपणाची वाटते, कारण तिच्यात बंद करण्याला बक्षीस नाही, आणि मोडकळीला आलेली भट्टी जबरदस्तीनं जिवंत ठेवण्यालाही नाही. पण तिच्यात एक अट होती, नवं काहीतरी उभारायचं. गावातलं शेत सोडून भलत्याच गावात नवं शेत घेतलं तर जुन्या गावच्या मजुराला त्याचा काय उपयोग, हा प्रश्न राहतोच.

नुसतं "बंद" म्हटलं तरी त्याचे दोन अर्थ निघतात, हे आपल्या भागाला सांगायला नको. नागपूरची एम्प्रेस मिल 1877 मध्ये सुरू झाली आणि 2002 मध्ये बंद झाली. पण मिलचे भोंगे थांबणं आणि मिल कायमची संपणं यांच्यामध्ये वर्षं जातात, आणि तेवढी वर्षं माणसं "चालू होईल" म्हणून वाट बघतात. युरोपात या दोन अर्थांच्या फटीतून पैसा निघू शकत होता. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर रेडकारला पोलादाचा मोठा कारखाना होता. टाटांनी 2007 मध्ये कोरस कंपनी घेतली, तेव्हा तोही त्यांच्याकडे आला. 2009 मध्ये त्याचा माल घेण्याचा दहा वर्षांचा करार केलेल्या चार खरेदीदारांनी हात वर केले, आणि फेब्रुवारी 2010 मध्ये त्याची झोतभट्टी थंड करून ठेवण्यात आली. संपवली नाही, झोपवली. तिथं लगेच आरोप झाला की भट्टी झोपवून न वापरलेले परवाने विकायचे, म्हणून हे चाललं आहे. कंपनीचं म्हणणं होतं की मालाला गिऱ्हाईकच उरलं नाही. मला इथं कुणाची बाजू घ्यायची नाही. मुद्दा एवढाच की नियम असा होता की तसा संशय घ्यायला जागा होती. कारखाना पुढं थायलंडच्या एका कंपनीनं घेतला, 2012 मध्ये भट्टी पुन्हा पेटली, आणि 2015 मध्ये ती कायमची विझली. सुमारे 2200 माणसांच्या थेट नोकऱ्या गेल्या. त्या वेळी कार्बनचा भाव फारसा नव्हता. पोलादाचाच भाव जगभर कोसळला होता. हे मी मुद्दाम सांगतो आहे. कारखाना बंद पडला की कुणीतरी एक कारण पुढं करतो, आणि कार्बन हे कारण पुढं करायला सोयीचं असतं.

यावर युरोपनं 2013 पासून नवा नियम आणला. कारखान्याचं आधीच्या वर्षांतलं नेहमीचं उत्पादन धरायचं. त्याच्या निम्म्याच्या वर माल काढला तर फुकट परवाने पूर्ण मिळतील. निम्म्याच्या खाली गेला तर अर्धे. पाव हिश्शाच्या खाली गेला तर पाव. दहा टक्क्यांच्याही खाली गेला तर काही नाही.

वाचायला न्याय्य वाटतो ना? आता हिशेब करा. एका कंपनीकडे दोन भट्ट्या आहेत, वेगवेगळ्या गावांत. मंदी आली, आणि मागणी एका भट्टीपुरतीच उरली. पूर्वी व्यवस्थापक काय करायचा? एक भट्टी पूर्ण जोरात चालवायचा, दुसरी बंद ठेवायचा. त्यात कोळसा वाचतो, कारण भट्टी सारखी थंड-गरम करायला इंधन जास्त जातं. नव्या नियमात मात्र दुसरी बंद ठेवली की तिचे सगळे परवाने गेले. त्याऐवजी दोन्ही भट्ट्या निम्म्याच्या जरा वर चालवल्या, तर दोन्हींचे परवाने पूर्ण. मग तो दोन्ही अर्ध्या-अर्ध्या चालवणार. मागणी त्याहूनही कमी असली तर? तरीही निम्म्याच्या वर रेटायचं, आणि जास्तीचं क्लिंकर जहाजात भरून परदेशी पाठवायचं.

हे कल्पनेतलं नाही. संशोधकांनी युरोपातल्या 246 क्लिंकर कारखान्यांचे आकडे तपासले. एकट्या 2012 मध्ये या नियमापोटी 58 लाख टन क्लिंकर विनाकारण जास्त तयार झालं असा त्यांचा अंदाज आहे. युरोपच्या एकूण उत्पादनाच्या हे पाच टक्के. त्यातून 52 लाख टन कार्बन डायऑक्साइड जास्त गेला. वर्ष 2012 का, तर पुढच्या वर्षीचे परवाने त्या वर्षीच्या उत्पादनावर ठरणार होते. जिथं मंदी सर्वांत वाईट होती, त्या स्पेन आणि ग्रीसमध्ये हे सर्वांत जास्त झालं. कार्बन कमी करायला काढलेल्या कायद्यानं कार्बन वाढवला, आणि ज्या भट्ट्या बंद व्हायच्या त्या अर्धमेल्या चालू राहिल्या.

इथं थोडं थांबून कामगाराच्या बाजूनं बघू या. अर्धमेली भट्टी चालू राहिली म्हणजे पगार चालू राहिला. मग वाईट काय? वाईट हे की अशा भट्टीवर कुणी पैसा घालत नाही. ती मालासाठी चालत नसते, कागदासाठी चालत असते. कागदाचा नियम बदलला की तिच्याखालची जमीन सरकते, आणि तोपर्यंत तिथल्या माणसाला कुणी सांगितलेलं नसतं की तुझा पगार सिमेंटमधून नाही, परवान्यातून येतो आहे. 2021 पासून युरोपनं नियम खरंच बदलला. आता दोन वर्षांचं सरासरी उत्पादन पंधरा टक्क्यांहून जास्त खाली-वर झालं की फुकट परवाने त्याप्रमाणं खाली-वर होतात. निम्म्यावर टेकून राहण्याची सोय गेली.

आणखी एक गोष्ट युरोपला उशिरा उमगली. एका शेताचं पाणी थांबवलं तर ते तलावातच राहतं आणि दुसरं शेत पितं. तसंच एखाद्या देशानं आपलं कोळशाचं वीजकेंद्र बंद केलं, तरी त्याचे परवाने बाजारातच राहतात आणि दुसऱ्या देशातला कुणी ते घेऊन तेवढाच धूर सोडतो. गावाचा रोजगार गेला, हवेत मात्र फरक नाही. म्हणून 2018 मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि वीजकेंद्र बंद करणाऱ्या देशाला तेवढे परवाने रद्द करण्याची मुभा मिळाली.

आपल्याकडचं राजपत्र काय म्हणतं

भारतानं दुसरा रस्ता घेतला आहे, आणि तो समजून न घेता युरोपचे किस्से इथं लावले तर माणसं उगाच घाबरतात किंवा उगाच निर्धास्त होतात.

आपल्याकडे कारखान्यांना ऊर्जा वाचवण्याचं उद्दिष्ट 2012 पासून आहे. पहिल्या फेरीत आठ उद्योगांतले 478 कारखाने होते, सिमेंटचे होते, औष्णिक वीजकेंद्रंही होती. ज्यानं ठरल्यापेक्षा जास्त ऊर्जा वाचवली त्याला प्रमाणपत्रं, ज्याला जमलं नाही त्यानं ती विकत घ्यायची. 2022 मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा सुधारला, जून 2023 मध्ये कार्बन क्रेडिटच्या व्यापाराची योजना अधिसूचित झाली, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये पहिल्या चार उद्योगांना प्रत्यक्ष उद्दिष्टं मिळाली. ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली (कॉस्टिक सोडा आणि क्लोरीन) आणि कागद. एकूण 282 कारखाने, त्यात 186 सिमेंटचे. वीजकेंद्रं या यादीत नाहीत. पुतण्याच्या कानावर जे आलं ते याच राजपत्राचं वाढवून सांगितलेलं रूप होतं.

यात एकूण मर्यादा नाही. तलाव मोजलेलाच नाही. मोजलंय ते एका पोत्या धानाला लागणारं पाणी. कारखान्याला सांगितलंय की टनामागं इतक्यापेक्षा जास्त कार्बन नको, मग टन किती काढायचे ते तू बघ. याला उत्सर्जनाची तीव्रता म्हणतात. प्रत्येक कारखान्याचं उद्दिष्ट वेगळं आहे, आणि ते त्याच्याच 2023-24 च्या आकड्यांवरून काढलेलं आहे. 2025-26 साठी एक, 2026-27 साठी आणखी थोडं कडक.

पुतण्याला मी नंतर जो हिशेब वहीवर करून दाखवला तो असा. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, कुठल्या कारखान्याचे नाहीत. समजा उद्दिष्ट आहे टनामागं 0.60 टन कार्बन. कारखान्यानं 0.58 वर आणलं आणि वर्षाला 30 लाख टन माल काढला. वाचले 0.02, गुणिले 30 लाख, म्हणजे 60 हजार टन, आणि टनाला एक याप्रमाणं 60 हजार क्रेडिट. ती विकता येतील. उलट 0.62 झालं तर 60 हजार क्रेडिट विकत घ्यावी लागतील. नाही घेतली तर क्रेडिटच्या सरासरी बाजारभावाच्या दुप्पट पर्यावरण भरपाई.

आता त्याच हिशेबात भट्टी बंद करून बघा. माल शून्य. 0.02 गुणिले शून्य म्हणजे शून्य. बंद केल्याबद्दल एक क्रेडिट मिळत नाही. अर्धी चालवली तर अर्धी मिळतात. म्हणजे भट्टी झोपवून परवाने विकण्याचा डाव या सूत्रात बसतच नाही. निम्म्याच्या वर टेकून राहण्याचाही फायदा नाही. भारताची ही पद्धत हवेसाठी किती चांगली यावर वाद घालता येईल, कारण माल वाढला तर एकूण धूर वाढू शकतो. पण कारखाना बंद करण्याचं आमिष तिच्यात नाही, आणि माझ्यासारख्याला, ज्याच्या अर्ध्या वर्गाचे बाप सिमेंटमध्ये आहेत, हे आधी बघावंसं वाटतं.

आणि ओझं? क्रेडिटचा भाव 800 रुपये धरू. टनामागं 0.02 कमी पडलं तर 16 रुपये. टनात वीस पोती. पोत्यामागं 80 पैसे. 80 पैशांसाठी कुणी कारखान्याला कुलूप लावत नाही. याउलट युरोपात परवान्याचा भाव 70 युरो धरला, टन सिमेंटमागं 600 किलो कार्बन धरला, फुकट काहीच मिळालं नाही असं मानलं आणि युरोला 100 रुपये लावले, तर टनामागं 4200 रुपये होतात. पोत्यामागं 210. तिथं हा आकडा पूर्ण अंगावर पडत नाही, कारण फुकट परवाने अजून आहेत. पण सिमेंट, पोलाद, ॲल्युमिनियम, खत यांचे फुकट परवाने 2026 ते 2034 दरम्यान टप्प्याटप्प्यानं शून्यावर येणार आहेत, आणि बाहेरून येणाऱ्या अशा मालावर सीमेवर कार्बनचा आकार लागणार आहे. आपलं सिमेंट युरोपात जात नाही, इतका जड माल तेवढा प्रवास करत नाही. पोलादाचं तसं नाही. घुग्घुस, भंडारा या बाजूच्या लोखंड-पोलादवाल्यांनी ती तारीख लक्षात ठेवायला हवी.

मग भीती कशाची?

पुतण्याला हिशेब पटला. मग तो म्हणाला, "म्हंजे काही होत नाही." आणि तिथं मला त्याला थांबवावं लागलं.

कार्बनचा नियम एकट्यानं भट्टी विझवत नाही, पण कंपनी जेव्हा ठरवत असते की पैसा कोणत्या भट्टीवर घालायचा, तेव्हा तो तराजूत एक वजन टाकतो. आपल्या पट्ट्यात 1983 साली सुरू झालेला आवाळपूरचा कारखाना आहे आणि 2022 मध्ये सुरू झालेला मुकुटबनचाही आहे. मालक वेगळे, पण वयातलं अंतर बघा. आज एकेका कंपनीकडे देशभर असे जुने-नवे कितीतरी कारखाने आहेत. नवी भट्टी टनामागं कमी इंधन खाते. जुन्या भट्टीला तिच्याच जुन्या आकड्यावरून उद्दिष्ट मिळाल्यामुळे सध्या तिला आडोसा आहे. तिची तुलना नव्या भट्टीशी होत नाही, स्वतःच्या कालच्या आकड्याशी होते. हा आडोसा फार लोकांच्या लक्षात आलेला नाही. उद्या सगळ्यांना एकच माप लावलं, जसं युरोपनं 2013 पासून करड्या क्लिंकरला टनामागं 766 किलोचं माप लावलं, तर जुन्या भट्टीला दर टनाला भुर्दंड आणि नवीला दर टनाला कमाई. मग मागणी कमी झाली की आधी कोणती थंड होईल हे सांगायला ज्योतिषी नको.

म्हणून कारखान्याकडे बघताना तिथं पैसा घातला जातो आहे का, हे बघावं. भट्टीच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर वीज करण्याचं यंत्र बसलं का? कोळशाऐवजी शहरातल्या कचऱ्यापासून केलेलं इंधन जाळायची सोय झाली का? जिथं अशी कामं सुरू आहेत तिथली भट्टी दहा-पंधरा वर्षांच्या हिशेबानं चालवली जाते आहे. जिथं फक्त डागडुजी चालू आहे, तिथं कामगारांनी प्रश्न विचारायला हवेत.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक धागा आहे. सिमेंटची तीव्रता कमी करायचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे क्लिंकर कमी आणि राख जास्त. पोझोलाना सिमेंटमध्ये 35 टक्क्यांपर्यंत राख चालते, आणि तेवढ्या वजनाचं क्लिंकर भट्टीत भाजावंच लागत नाही. ही राख येते कुठून? कोळशाच्या वीजकेंद्रांतून. चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र आज 2920 मेगावॉटचं आहे. त्याचे 210 मेगावॉटचे पहिले दोन संच केव्हाच निवृत्त झाले. ते कार्बनच्या व्यापारानं नाही, वयानं गेले. पुढं वीजकेंद्रांचे जुने संच एकेक करून बंद झाले तर ताजी कोरडी राख कमी होईल, आणि सिमेंटवाल्यांचा तीव्रतेचा आकडा वर सरकेल. राखेच्या बंधाऱ्यांत वर्षानुवर्षांची राख पडून आहे, पण ती ओली, काढायला आणि वाळवायला खर्च. वीज, राख, सिमेंट, चुनखडी ही इथं एकाच दावणीला बांधलेली जनावरं आहेत. एकाला सोडताना बाकीच्यांचा विचार व्हायला हवा, आणि तो दिल्लीत बसून होत नाही.

बंद होण्याची पद्धतही बदलली आहे. पूर्वी भोंगा थांबायचा, गेटवर नोटीस लागायची, सगळ्यांना कळायचं. आता भट्टी विझते पण दळण्याची चक्की चालू राहते. क्लिंकर दुसऱ्या गावच्या कारखान्यातून रेल्वेनं येतं, इथं दळून पोत्यात भरलं जातं. गेट उघडं, पाटी तीच. पण खाण थांबते, भट्टीवरची माणसं जातात. कायद्याप्रमाणं कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागते आणि दर पूर्ण वर्षामागं पंधरा दिवसांच्या पगाराची भरपाई द्यावी लागते; मात्र नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितेनं परवानगीची ही अट 100 ऐवजी 300 कामगारांपासून पुढं नेली. आणि ठेकेदाराचा ठेका पुन्हा न देणं याला कुणी कारखाना बंद करणं म्हणत नाही. पुतण्यासारख्यांचं काम जातं ते असं, एका शनिवारी, कागदाविना.

गावाचं नुकसान त्याहून मोठं असतं. चुनखडीच्या खाणीच्या रॉयल्टीवर जिल्हा खनिज प्रतिष्ठानात पैसा जमा होतो. 2015 च्या आधीच्या खाणपट्ट्यांवर रॉयल्टीच्या 30 टक्के, लिलावात दिलेल्या पट्ट्यांवर 10 टक्के. शाळेची खोली, पाण्याची टाकी, आरोग्य केंद्र यातून होतं. दगड निघाला नाही तर रॉयल्टी नाही, रॉयल्टी नाही तर हा पैसाही नाही. युरोपात परवान्यांचा लिलाव होतो, सरकारांच्या हाती पैसा येतो, आणि कोळशावर जगणाऱ्या भागांसाठी 2021 ते 2027 या काळाकरता वेगळा निधीही उभा केलेला आहे. आपल्या पद्धतीत क्रेडिट एका कारखान्याकडून दुसऱ्या कारखान्याकडे जातं. लिलाव नाही, म्हणून त्यातून गंगाजळीही जमत नाही. मला हा या योजनेतला सर्वांत मोठा उणेपणा वाटतो. कारखान्याला चुकलं तर किंमत लावली, जमलं तर कमाई दिली, पण भट्टीभोवती उभ्या राहिलेल्या गावाचं नाव हिशेबात कुठंच नाही.

एक गैरसमज मात्र काढायला हवा. कार्बनची क्रेडिट घेतली म्हणजे धूळ कमी होते असं नाही. कार्बन डायऑक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही. कपाशीच्या बोंडावर जी पांढरी धूळ बसते, म्हाताऱ्यांना रात्री जो खोकला लागतो, त्याचा कारभार वेगळ्या कायद्यात, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहे. केंद्रीय मंडळानं 2009 मध्ये चंद्रपूरला 83.88 गुण देऊन अतिप्रदूषित ठरवलं होतं, ते हवा, पाणी, जमीन यांच्या प्रदूषणावरून. एखादा कारखाना मुंबईत बसून क्रेडिट विकत घेऊन कार्बनच्या कागदावर पूर्ण पास होऊ शकतो, आणि त्याच दिवशी नांदा फाट्यावर धुळीत समोरची मोटारसायकल दिसत नसू शकते. जनसुनावणीत कुणी कार्बनचं प्रमाणपत्र दाखवून धुळीच्या प्रश्नाचं उत्तर देऊ लागलं, तर ते उत्तर नाही हे ओळखायला हवं.

राजपत्रातली ती यादी सगळ्यांसाठी खुली आहे. कारखान्याचं नाव, 2023-24 चं उत्पादन, तेव्हाची तीव्रता आणि दोन वर्षांची उद्दिष्टं, एका ओळीत. मागच्या रविवारी पुतण्या पुन्हा आला, आणि आम्ही दोघांनी त्याच्या कारखान्याची ओळ शोधून काढली. त्यानं ते आकडे मोबाइलमध्ये उतरवून घेतले. मग बराच वेळ गप्प बसून त्यानं विचारलं, "काका, आमची भट्टी कोणत्या सालची हाय, हे कोणाले विचारू?"

मी म्हणालो, "भट्टीवरच्या जुन्या माणसाला विचार. त्याला ती कधी पेटवली तो दिवससुद्धा आठवत असेल."